सोळा चॅनेलांतून एक

एम.ई.च्या प्रोजेक्टला कॉग्निटिव्ह रेडिओ, म्हणजे रिकामी फ्रिक्वेन्सी स्वतः हुडकून वापरणारा रेडिओ, घेतला तेव्हा माझ्या डोक्यात टीव्हीचे रिकामे पट्टे होते. आयआयटी मुंबईने पालघरच्या खेड्यात 470 ते 590 मेगाहर्ट्‌झमधली रिकामी जागा वापरून इंटरनेट नेलं होतं, ते वाचलेलं. पण त्या पट्ट्यात प्रक्षेपण करायचं तर परवानगी हवी. सरांनी विषय तिथेच मिटवला, "2.4 गिगाहर्ट्‌झवर ये, तिथे परवाना लागत नाही." मग झिगबीची, म्हणजे कमी विजेवर थोडाथोडा डेटा पाठवणाऱ्या रेडिओची, मॉड्यूल घेतली. 11 ते 26 असे सोळा चॅनेल, आणि त्यांच्या डोक्यावर अख्ख्या कॉलेजचं वाय-फाय.

सुरुवात नेहमीच्या पद्धतीने केली: प्रत्येक चॅनेलवरची ऊर्जा मोजायची आणि शांत असेल त्यावर जायचं. मॉड्यूल नुसतं उड्या मारत राहिलं. प्रत्येक उडीला पलीकडच्या रिसीव्हरलाही सोबत न्यावं लागतं. तो मागे राहिला की डेटाचं पॅकेट गेलंच.

म्हणून यूसीबी1 हा अनुभवावरून पर्याय निवडणारा 2002चा अल्गोरिदम बसवला. ज्या चॅनेलवर पॅकेट पोहोचतात त्याला गुण, आणि फारसा न वापरलेल्याला थोडे वाढीव. पण हे गणित चॅनेलचा स्वभाव बदलत नाही असं धरून चालतं. होस्टेल रात्री अकराला जागं होतं हे त्याला कोण सांगणार? जुने गुण हळूहळू पुसत नेले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

खरी मजा चॅनेल 20वर. सरासरीत तो निम्मा वेळ व्यापलेला, म्हणजे बादच. दर मिलिसेकंदाला नमुना घेतला तर स्क्रीनवर कंगवा उमटला: 10 मिलिसेकंद गोंगाट, 10 शांत. खालच्या कँटीनमधला मायक्रोवेव्ह! 50 हर्ट्‌झ विजेच्या प्रत्येक आवर्तनात त्याचा लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन अर्धाच वेळ चालतो. झिगबीचं सर्वांत मोठं पॅकेटही सव्वाचार मिलिसेकंदांत संपतं, त्या फटीत आरामात बसतं. उलट वाय-फायखालचा एक चॅनेल कमी व्यापलेला असूनही पॅकेट पाडत होता, कारण त्याचं मोकळेपण तुकड्यातुकड्यांचं. तेव्हापासून मी किती टक्के रिकामा हे बघण्याआधी सलग किती रिकामा ते बघतो.

व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं, "26 सगळ्यात शांत दिसतोय, मग तुम्ही 25 का निवडला?" 26 हा 2480 मेगाहर्ट्‌झला, पट्ट्याच्या काठाशी. सिग्नल बाहेर सांडू नये म्हणून आमच्या मॉड्यूलवर तिथली पॉवर कमी ठेवलेली. चॅनेल शांत खरा, पण भिंतीपलीकडे काही पोहोचत नव्हतं. ते "हं" म्हणाले आणि यूसीबीच्या सूत्रातल्या लॉगरिदमकडे वळले.