पस्तीसवरून अठरावर

पिकअप घेतली तेव्हा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर मी वेदवाक्य मानत होतो. गाडी रिकामी असताना चारही टायरांत हवेचा दाब ३५ पीएसआय (दाब मोजायचं एकक), मागचा सामानाचा हौदा भरला की मागे ४२. डांबरी रस्त्यावर मी आजही तेच पाळतो. घोळ झाला तो डांबर संपल्यावर.

पहिल्याच वाळूत गाडी रुतली. फोर बाय फोर टाकलेलं, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना, लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) लावलेली, टायर नवेकोरे. मी ॲक्सिलरेटर दाबतोय आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत आपलाच खड्डा खणतायत. शेवटी ॲक्सल वाळूवर टेकला. फावडं काढून मी अर्धा तास उपसत होतो. सोबतचा मित्र बराच वेळ गंमत बघून म्हणाला, "अरे, नुसतं उपसून काय होणार? हवा सोड आधी." मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याने व्हॉल्व्हचं टोपण काढलं, काडीने पिन दाबून धरली, अधूनमधून गेज लावून बघितलं. चारही चाकं १८ वर आणली, मला रिव्हर्स टाकायला लावलं, आणि गाडी आल्या चाकोरीतून निमूट मागे आली.

असं का झालं ते कळल्याशिवाय चैन पडेना. घरी सपाट फरशीवर गाडी उभी केली, एका चाकाखाली पुढून आणि मागून कागद सरकवला आणि तो जिथे अडला तिथे खडूची रेघ मारली. ३५ पीएसआयला दोन रेघांमध्ये १८ सेंटीमीटर होते, १८ पीएसआयला २५ सेंटीमीटर. रुंदी मात्र जेमतेम सेंटीमीटरभर वाढली. हवा कमी केली की टायर फताडा होतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. वजन जास्त जागेवर पसरतं, म्हणून वाळू दबते कमी आणि चाक वरच राहतं.

एवढं ज्ञान झाल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा, मी आगाऊ झालो. १८ ला एवढं जमतं तर ११ ला किती! पुढच्या खेपेला ११ वर उतरलो. सरळ जाताना गाडी खरंच तरंगल्यासारखी चालली. मग एका उतारावर स्टिअरिंग जरा झटक्यात वळवलं आणि पुढचा डावा टायर रिममधून सुटला. टायरची कड रिमला घट्ट बसलेली असते ती आतल्या हवेच्या जोरावर. तो जोर कमी आणि बाजूचा ताण जास्त झाला की कड निसटते. वाळूत जॅक लावायचा तर खाली फळी लागते, आणि फळी मी आणलेली नव्हती. त्या दुपारबद्दल एवढंच पुरे. साध्या रिमवर १५ च्या खाली मी आता जात नाही, आणि हवा कमी असताना वळणं सावकाश घेतो.

खडीच्या, पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या रस्त्याने वेगळाच धडा दिला. तिथे वेग जास्त असतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकला की तापतो. ऑफ-रोडवाल्यांचा एक ठोकताळा आहे: थंड टायरचं प्रेशर मोजा, तासभर चालवा, पुन्हा मोजा. हलक्या ट्रकच्या जाड टायरमध्ये साधारण ६ ने वाढलं तर बरोबर. त्याहून जास्त म्हणजे हवा कमी ठेवली होती किंवा वेग जास्त होता. मी २२ ने निघालो, तासाने गेज २९ दाखवत होतं आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, हात ठेववत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी २६ भरून निघालो, तासाने ३१. ते जमलं. तापलेल्या टायरमधली "वाढलेली" हवा सोडायची नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. गार झाल्यावर तोच टायर बसका निघतो.

टोकदार दगडांत मी २० च्या आसपास ठेवतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. ट्रेड, म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग, दगडाला छान चिकटतो, पण फुगलेली साइडवॉल बाहेर येते आणि तीच कापली जाते.

पिकअपची खरी गंमत हौद्याची. इंजिन पुढे, त्यामुळे रिकाम्या गाडीचं मागचं टोक हलकं. मागे पुढच्यापेक्षा दोनेक पीएसआय कमी चालतात. हौद्यात पाण्याचे कॅन आणि सामान चढलं की सगळं उलटं. एकदा सामान भरूनही रिकाम्या गाडीचेच आकडे ठेवले, तर मागचे टायर रिमखाली चुरगळल्यासारखे दिसत होते.

परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायची, याला सूट नाही. मी एकदा कंटाळा केला, तर वळणावर गाडी बोटीसारखी डोलली. कॉम्प्रेसर सुरुवातीला लायटरच्या सॉकेटला लावायचो. तिसऱ्या चाकाला फ्यूज उडाला. आता चिमटे थेट बॅटरीला, इंजिन चालू, आणि चार चाकांना वीस-पंचवीस मिनिटं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात आकडे लिहिलेला एक पुठ्ठा आहे. वाळूची ओळ तीनदा खोडलीय. सध्या तिथे लिहिलंय: रिकामी, पुढे १८, मागे १६. ओली वाळू असेल तर २२ पण चालतात. फळी विसरू नकोस.