आमची वाटचाल : सी ड्राइव्ह भरल्यावर

सोलापूरच्या नवी पेठेत आमच्या कॉम्प्युटर-डिस्कच्या दुकानाबद्दल एक वाक्य अजून फिरतं : ‘त्यांच्याकडे डिस्क दिली की डेटा जातो.’ ते कुठून निघालं, ते एकदा लिहून ठेवतो.

सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले. कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी, एकाच डिस्कचे दोन भाग (पार्टिशन) : सीला २० जीबी, उरलेली सगळी डिस्क डीला. जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइनचं सॉफ्टवेअर सीवर, त्याची सीडी हरवलेली आणि ते टाकून देणारा माणूस गाव सोडून गेलेला. त्यामुळे फॉरमॅट मारायची सोयच नाही. सी भरला की डीतून जागा काढून सीला द्यायची, हाच एक रस्ता.

गिऱ्हाइकाला पडद्यावर माउसने ओढलेली रेघ दिसते आणि तो म्हणतो, पाच मिनिटांचं काम, पैसे कसले? पण सीला डीच्या शेपटीकडची जागा चालत नाही, लागूनच मोकळी जागा लागते. म्हणजे डीची सुरुवातच उजवीकडे न्यायची आणि आतला डेटा उचलून पुढे ठेवायचा. जीपार्टेड (पार्टिशन सरकवायचं सॉफ्टवेअर) त्यात रिकामी जागाही सोडत नाही, पार्टिशनची सगळी लांबी कॉपी करतो. डी ३६० जीबीचा आणि वेग सेकंदाला ४० एमबी धरला, तर अडीच तास झाले. म्हणून आमची पद्धत अशी : डीत ८० जीबी माल असेल तर डी आधी मागून १०० जीबीपर्यंत आवळायचा, मग सरकवायचा, मग शेवटापर्यंत ताणायचा. तेच काम पाऊण तासात होतं आणि धोक्याचा वेळही तेवढाच घटतो.

त्याआधीची तयारी ठरलेली. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) ५, १९७ आणि १९८ या नंबरांचे आकडे पाहायचे, ते खराब सेक्टरांचे. पेंडिंग सेक्टर (डिस्कला वाचता न येणारे तुकडे) दिसले तर पार्टिशनला हात लावायचा नाही, आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने) दुसऱ्या डिस्कवर क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत. मग चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी आणि दुरुस्ती), विंडोज पूर्ण बंद (हायबरनेट नव्हे), जुन्या पार्टिशन टेबलचा (कोणता भाग कुठून कुठपर्यंत त्या यादीचा) कागदावर प्रिंट आणि यूपीएस. बॅकअप तर हवाच, आणि तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर घेतला तर तो बॅकअप नव्हे.

पलीकडच्या गल्लीत एकाने हेच काम आमच्या निम्म्याहून कमी पैशांत सुरू केलं. बॅकअप नाही, यूपीएस नाही, आणि दिवस भारनियमनाचे. सरकवणं चालू असताना लाइट गेली. त्याने वर चेकडिस्क चालवलं आणि मग डिस्क आमच्याकडे पाठवली. अर्धवट सरकलेल्या पार्टिशनवर चेकडिस्क म्हणजे उरलंसुरलं पुसणं. चेकडिस्कला इंडेक्स (फायलींची यादी) एका जागी आणि फायली भलत्याच जागी दिसतात, मग तो त्या नोंदीच काढून टाकतो. ‘डिस्क आली तेव्हाच बिघडलेली’ असं आम्ही पावतीवर लिहून सही घेतली होती. पण पावती कोण वाचतं? डेटा गेला तो आमच्या टेबलावर, एवढंच बाजाराने ऐकलं. गिऱ्हाइकं तुटली, भाडं थकलं, दुकान सोडून द्यायच्या गोष्टी सुरू झाल्या.

टिकले ते एक टॉवेलवाले अण्णा. त्यांनी कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरचं वर्षाचं काम आगाऊ पैसे देऊन आमच्याकडेच ठेवलं. म्हणाले, “तुमच्याकडं आधी मोजतात, मग हात लावतात. मला तेवढं बास.”

त्याच पलीकडच्या गल्लीतून अण्णांच्या पाहुण्यांची डिस्क तशीच अर्धवट होऊन आली, फक्त या वेळी वर चेकडिस्क चाललेलं नव्हतं. अशा वेळी टेस्टडिस्क या प्रोग्रामने पार्टिशन टेबल दुरुस्त करून भागत नाही. डी उजवीकडे सरकताना कॉपी शेवटाकडून सुरू होते. त्यामुळे लाइट गेली तेव्हा शेवटाकडचा भाग नव्या जागी पोचलेला आणि सुरुवातीकडचा जुन्याच जागी असतो. मधल्या एका पट्ट्याच्या मात्र दोन्ही प्रती शाबूत असतात. पट्टा जितकं सरकवलं तितकाच रुंद : ४० जीबी सरकवलं तर ४० जीबी. जुन्या सुरुवातीपासून आणि नव्या सुरुवातीपासून तेच तेच अंतर मोजत सेक्टर ताडून पाहायचे, जुळतात तिथे पट्टा. नुसती शून्यं जुळली तर धरायची नाहीत. जोड द्यायचा तो पट्ट्याच्या मध्यावर, कडेला नाही, कारण लाइट जाताना डिस्कच्या कॅशमधलं (तात्पुरत्या मेमरीतलं) शेवटचं लिखाण पोचलेलं नसतं. जोडापर्यंत जुन्या जागेवरून, पुढे नव्या जागेवरून, असं वाचून दुसऱ्या डिस्कवर एकसंध इमेज (पूर्ण पार्टिशनची प्रत) बनवायची. मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही. सगळी डिझाइन्स उघडली. ही गोष्ट मात्र नवी पेठेत कोणी सांगत नाही.

पुढची वर्षं सुरळीत गेली. आता बहुतेक कामं मोठ्या एसएसडीवर क्लोन करण्याची. त्यात नवा अडथळा रिकव्हरी पार्टिशनचा (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला भाग). ते सीच्या लगेच उजवीकडे बसतं, आणि पलीकडे कितीही मोकळी जागा असली तरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्सटेंड’ (वाढवा) फिकंच राहतं. आधी रीएजंटसी या विंडोजच्या कमांडने ते बंद करायचं, मग ते शेवटाला न्यायचं, सी वाढवायचा, पुन्हा चालू करायचं. तिथे कंजुषी करू नका. विंडोजच्या जानेवारी २०२४ च्या अपडेटला हे पार्टिशन लहान पडून कितीतरी मशीन अडकली होती, आणि मायक्रोसॉफ्टने ते २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं. आम्ही सरसकट १ जीबी ठेवतो.

सी आवळायचा असेल आणि विंडोज अर्ध्यावरच अडत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ नंबरची नोंद पाहा. कोणती फाइल आडवी आली ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा पेजफाइल, हायबरनेशन किंवा रिस्टोअर पॉइंट. तेवढं बंद करून पुन्हा आवळा.

लॅपटॉप घेऊन येताना चार्जर आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की सोबत आणा. की नसेल तर काम घेत नाही, ओळखीच्यांचंही नाही.