डावी कॅप वितळणं थांबलं, आता सुताचा धागा

अपराइट (उभ्या) व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्रश रोलची, पुलीच्या बाजूची एंड कॅप (रोलच्या टोकाचं बेअरिंग धरणारी प्लास्टिकची टोपी) दरवेळी वितळायची, ती अखेर टिकली. सतरंजीवर पार्लरमधून आणलेले, ३० सेंमीपेक्षा लांब केस पाच-पाच ग्रॅम टाकत रोल सलग चाळीस मिनिटं फिरवला. कॅपवर बोट आरामात टेकतं आणि टॅकोमीटरवर सुरुवातीचे ३६०० फेरे शेवटीही ३६००च्या आसपासच. मोटरचा शाफ्ट ११ मिमी, रोलवरची खाच ३३ मिमी, लोडवर मोटर १२,००० फेऱ्यांना, म्हणजे हिशोबाने ४००० यायला हवेत. उरलेले दहा टक्के चपट्या बेल्टची घसरण खाते. तेवढी खाऊ द्यावी, त्याचं कारण खाली येतंय.

कॅप वितळली की सगळे आधी बेअरिंगवर खापर फोडतात आणि महागडं बेअरिंग आणतात. ६२६-२आरएस (भोक ६, बाहेरचा व्यास १९, रुंदी ६ मिमी, दोन्ही बाजूंना रबरी सील) हे बेअरिंग या वेगाच्या कितीतरी पट वेग सहज झेलतं. त्याला मारतात केस. रोलचं टोक आणि स्थिर कॅप यांच्या फटीतून केस आत शिरतो आणि ६ मिमीच्या शाफ्टवर गुंडाळत जातो. वेटोळं घट्ट होत गेलं की आडवं दाबलं जाऊन रबरी सीलची कड उचलतं. मग ग्रीस केसांच्या वातीने बाहेर आणि धूळ आत. बेअरिंग जड झालं की बाहेरची रिंग कॅपमध्ये फिरायला लागते आणि खरी उष्णता तिथे तयार होते. कॅपचं प्लास्टिक, एबीएस, शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, बेअरिंगची बैठक लंबगोल होते, रोल तिरपा होतो, बेल्ट कडेला सरकतो आणि जळतो. जळक्या रबराचा वास येतो तेव्हा ही साखळी शेवटच्या कडीवर आलेली असते. डाव्याच बाजूला हे घडतं, कारण बेल्टचा ताण तिथे आहे आणि बेल्टच्या बोगद्याजवळ ब्रिसल (ब्रशचे ताठ तंतू) नसल्याने केसांना मोकळी जागा मिळते.

नागपूरच्या उन्हाळ्यात यात आणखी एक भर पडते. एबीएस पोलादाच्या सात-आठ पट जास्त प्रसरण पावतं. १९ मिमीच्या बैठकीत तापमान ४० अंशांनी वाढलं की फरक पडतो सुमारे ०.०६ मिमी. डिसेंबरात ०.०३ मिमी दाबून बसवलेलं बेअरिंग नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) त्या कॅपमध्ये सैल होणारच. उपाय साधा आहे: कॅपच्या भोकात ०.८ मिमी खोल खाच आणि तिच्यात १९ मिमी आतल्या व्यासाची, १ मिमी जाडीची नायट्राइल रबराची ओ-रिंग (गोल कडी). ०.२ मिमी बाहेर राहते, बाहेरची रिंग धरून ठेवते आणि प्रसरण सामावून घेते. इथे अरल्डाइट भरू नका. एक तर ते सीलवर ओघळतं, शिवाय पुढच्या वेळी बेअरिंग काढताना कॅप फुटते. थ्रीडी प्रिंटरवर कॅप छापणाऱ्यांनी पीएलए प्लास्टिक फक्त माप जुळवायला वापरावं. ६० अंशांना ढिलं पडणारं प्लास्टिक मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तरी वाकतं. कामाची कॅप एबीएस किंवा त्याच्याच जातीच्या एएसएमध्येच.

आता मुख्य भानगड. फट कमी करत जायचा मार्ग बंद समजा. केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिमी. ०.२ मिमीची फट ठेवली तर रोल गरम झाल्यावर कॅपला घासतो आणि केस तरीही आत जातोच. फेल्टच्या (नमद्याच्या) वॉशरबद्दलही तेच: आठवडाभर छान चालतो, मग काळ्या मातीची धूळ त्यात मुरते आणि तो पॉलिश पेपरसारखा शाफ्ट खात बसतो. केसाला अडवून उपयोग नाही, त्याला दुसरीकडे जायला लावायचं.

म्हणून शंकू. ताणाखाली गुंडाळलेलं वेटोळं नेहमी लहान व्यासाकडे घसरू पाहतं. रोल आणि कॅपच्या मध्ये शाफ्टवर अशी कॉलर (शंकूच्या आकाराचं कडं) बसवायची की तिचा मोठा व्यास बेअरिंगकडे आणि लहान व्यास रोलकडे. केस आपणहून बेअरिंगपासून लांब, रोलच्या टोकाशी असलेल्या दरीत जाऊन साठतो. डायसनने २०२१मध्ये व्ही१५सोबत दिलेल्या हेअर स्क्रू टूलचा अख्खा ब्रशच शंकूच्या आकाराचा आहे, तत्त्व तेच. फक्त अपराइटच्या बेल्टला आणि हाउसिंगला सरळ रोल लागतो, म्हणून इथे शंकू टोकापुरता.

शंकूचा उतार शाफ्टशी किती कोनात हवा हे घर्षण ठरवतं. कोनाचा टॅन घर्षणांकापेक्षा जास्त हवा, नाहीतर वेटोळं जागच्या जागी आवळतं. डेल्रिनच्या (कॉलरसाठी घेतलेलं निसरडं प्लास्टिक) सपाट तुकड्यावर धुळकट केसांचा पुंजका ठेवून तो तुकडा तिरपा करत गेलं तर साधारण १७ अंशांना पुंजका सरकतो. १० अंशांची कॉलर का फसली ते यातच आलं. २० अंशांची चालली.

मापं: एकूण लांबी ९ मिमी. त्यात ६ मिमी शंकू, १६ मिमीपासून २०.४ मिमीपर्यंत, आणि पुढे ३ मिमी सरळ भाग. कॅपला २१.२ मिमी आतल्या व्यासाची झालर (पुढे आलेली गोल कड), ती या सरळ भागावर येते, म्हणजे चहूबाजूंनी ०.४ मिमी मोकळं. डेल्रिन एबीएसपेक्षाही थोडं जास्त फुगतं, तरी एवढ्या फटीत घासत नाही. डेल्रिनला कुठलाच गोंद नीट धरत नाही, त्यामुळे कॉलर रोलच्या टोकाला एम२.५च्या (२.५ मिमी जाडीच्या) दोन काउंटरसंक, म्हणजे डोकं आत बुडणाऱ्या स्क्रूंनी बसवायची, भोकांच्या केंद्रांचं वर्तुळ ११.५ मिमी. स्क्रू समोरासमोरच हवेत. ४००० फेऱ्यांना २० मिमी त्रिज्येवरचा १ ग्रॅम असमतोल साडेतीन न्यूटनने शाफ्ट ओढतो, आणि तो हादरा थेट बेअरिंगला.

हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवाले असे छोटे नग घ्यायला कुरकुर करतात. दांडा आपणच घेऊन गेलात आणि चार-सहा नग एकदम सांगितलेत तर करून देतात. टूल धारदार ठेवायला आवर्जून सांगा. बोथट टूलने शंकूवर पडणाऱ्या बारीक रेघांमध्ये केस अडकतो आणि कोनाचा सगळा फायदा जातो. बेअरिंग हातात घेऊन, फिरवून बघता येईल अशा दुकानातूनच घ्या. डबीवर मोठं नाव छापलेली ऑनलाइन बेअरिंगं सील उचकटून पाहिली तर आत ग्रीसचा नुसता ठिपका असतो.

लेथवर जाण्याआधी रोलची ‘व्ही’ तपासा. ब्रिसलच्या ओळीची टोकं जमिनीला आधी आणि मधला भाग नंतर टेकत असेल तर केस मधे गोळा होतो. उलटं असेल तर टोकांकडे ढकलला जातो आणि कॉलरवर दुप्पट भार येतो. बाजारातले बदली रोल दोन्ही प्रकारचे मिळतात आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नसतो. एका टोकाला पुली असल्याने उलटा करून बसवायचीही सोय नाही. ब्रिसल नायलॉन ६च्या असतील तर कूलर चालणाऱ्या खोलीत त्या ओल शोषून मऊ पडतात. कमी ओल शोषणाऱ्या नायलॉन ६१२च्या मिळाल्या तर सोडू नका.

आता अडलेलं. सतरंजीचं सूत. केस घसरतात, पण सुताचा धागा शंकूवर जिथल्या तिथे बसून राहिला आहे आणि त्याच्यावर पुढचे केस चढतात. तिरप्या तुकड्यावर सूत २४ अंशांच्या आसपास सरकतं, त्यामुळे २० अंश त्याला पुरतच नाहीत. पुढची कॉलर २८ अंशांची. तेवढ्याच ६ मिमी लांबीत लहान व्यास १४ मिमीवर येतो, मग ११.५ मिमीच्या वर्तुळावरचे एम२.५ स्क्रू शंकूच्या कडेला फोडून बाहेर येतील. वर्तुळ १० मिमी केलं तर त्यांची डोकी शाफ्टला भिडतात. एम२ घेतले तर जेमतेम बसतंय, ०.१ मिमी राखून.

हे लिहिता लिहिता वाटलं की कॉलरमध्ये शाफ्टच्या लांबीच्या दिशेने एक खाचही हवी, २ मिमी रुंद आणि १.५ मिमी खोल, म्हणजे सीम रिपर (शिवण उसवायचं हत्यार) घालून दरीतलं वेटोळं एका झटक्यात कापता येईल. पण एकच खाच समतोल बिघडवते, म्हणून समोरासमोर दोन. त्याही स्क्रूंच्या काटकोनात, नाहीतर १४ मिमीच्या टोकाला भिंतच उरत नाही.

दातेरी बेल्टचा बेत मात्र रद्द. ३एम मापाचे (दर ३ मिमीला एक दाता) १२ आणि ३६ दाते सध्याच्या गुणोत्तराला तंतोतंत बसतात. ९२ मिमी केंद्रांतराला लांबी २५७.४ मिमी येते, म्हणजे ८६ दात्यांचा बेल्ट. पण १२ दाते १२,००० फेऱ्यांना २४०० हर्ट्झची शिट्टी मारतात, आणि रोलमध्ये पायमोजा अडकला तर घसरायला काहीच नाही. चपटा बेल्ट हाच इथला फ्यूज आहे, आणि तोही स्वस्तातला.

त्याऐवजी रोल थांबल्याचं कळायला हवं. उजव्या टोकाला ५×३ मिमीचे दोन निओडिमियम चुंबक, समोरासमोर, एकाचा दक्षिण ध्रुव बाहेर, दुसऱ्याचा उत्तर. ए३१४४ हा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) फक्त दक्षिण ध्रुवाला दाद देतो, त्यामुळे फेरीला एकच पल्स येते आणि दुसरा चुंबक निव्वळ समतोलासाठी. ३६०० फेऱ्यांना ६० हर्ट्झ. आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे फक्त खाली खेचणारं असल्याने ते वर ठेवायला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लागेल, आणि मोटरच्या कार्बन ब्रशचा विद्युत गोंगाट गिळायला सेन्सरच्या पायाशीच ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सुरू करताना पहिले तीन सेकंद दुर्लक्ष, त्यानंतर वेग दोन सेकंद निम्म्याखाली राहिला की रिले तोडायचा. रिले १६ अँपिअरचा, आणि ५ व्होल्ट पूर्ण आयसोलेटेड (मेन्सपासून विलग) अडॅप्टरमधून. कपॅसिटर ड्रॉपरवर (मेन्सपासून विलग नसलेल्या स्वस्त सर्किटवर) हे करू नका, सेन्सरची तार ब्रशच्या तोंडाशी, ओल्या फरशीजवळ असते.

२८ अंशांच्या कॉलरी आणि चुंबकांची भोकं एकाच वेळी लेथला जातील. डेल्रिनचा २५ मिमीचा दांडा चार कॉलरींना १०० मिमी पुरतो, कापणी आणि पकड धरून.