सह्याद्रीतील रात्रीच्या वाटांसाठी हेडटॉर्च निवडताना

हेडटॉर्च विकत घेताना बहुतेकांची नजर सर्वांत आधी पाकिटावरच्या ल्युमेनच्या, म्हणजे दिवा एकूण किती प्रकाश देतो त्या मापाच्या आकड्यावर जाते. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा. सूर्योदयासाठी पहाटे बारी गावातून कळसूबाई चढणाऱ्या ट्रेकरला आपला प्रकाश किती प्रखर आहे यापेक्षा तो किती तास एकसारखा टिकतो, ओल्या हातांनी कमीजास्त करता येतो का आणि त्यात पायाखालच्या दगडाचा उंचसखलपणा कळतो का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे असतात.

प्रथम साधा हिशोब मांडतो, कारण तो केला की बाजारातले निम्मे दिवे आपोआप बाद होतात. डोक्यावरच्या दिव्यातील एलईडी, त्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल आणि भिंग यांतली घट धरली, तर एका वॅटमागे सुमारे १०० ल्युमेन प्रकाश मिळतो असे ढोबळमानाने समजायला हरकत नाही. रिमोटमध्ये घालतो तसल्या तीन अल्कलाइन सेलमध्ये मिळून साधारण चार ते पाच वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे ३०० ल्युमेनचा प्रकाश या सेलवर फार तर दीड तास मिळेल, ५० ल्युमेनचा मात्र आठ-नऊ तास मिळू शकेल. १८६५० या मापाच्या एका चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये सुमारे ११ ते १२ वॅट-तास असतात, त्यामुळे हजार ल्युमेनवर तो जेमतेम तासभर पुरतो. असे असताना एखाद्या पाकिटावर ‘हजार ल्युमेन, तीस तास’ असे छापलेले असेल, तर ते दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. तसेच १८६५० सेलची प्रत्यक्ष क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. त्यावर ९९०० लिहिलेले दिसले तर तो सेल हातातून खाली ठेवावा.

नामांकित उत्पादकांचे आकडेही वाचायला शिकावे लागतात. २००९ साली अमेरिकेत विजेऱ्यांच्या मोजमापासाठी ‘एफएल-१’ नावाचे मानक आले आणि आज अनेक कंपन्या त्याप्रमाणे आकडे छापतात. या मानकात प्रकाश दिवा लावल्यानंतर लगेचच, म्हणजे अर्ध्या मिनिटापासून मोजतात, आणि तो मूळ प्रकाशाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून धरतात. त्यामुळे ४०० ल्युमेनचा दिवा पहिल्या काही मिनिटांत तापून स्वतःच मंद झाला आणि उरलेले कित्येक तास ५०-६० ल्युमेनवर रेंगाळला, तरी पाकिटावर ‘४०० ल्युमेन’ आणि तो लांबलचक वेळ हे दोन्ही शेजारी शेजारी छापता येतात. प्रकाशाचा पल्लासुद्धा ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड जिथे पडतो तिथपर्यंत मोजलेला असतो. शंभर मीटरवर चांदण्याइतका उजेड पडला म्हणून तिथली वाट ओळखू येईलच असे नाही. म्हणून वेळेनुसार प्रकाश कसा घटतो याचा आलेख जो उत्पादक देतो, त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसतो. सेल उतरत असतानाही प्रकाश एका पातळीवर धरून ठेवणारा दिवा मी केव्हाही पसंत करीन, फक्त शेवटी तो एकदम विझण्याआधी इशारा देतो ना, एवढे तपासावे.

मग लागतो तरी किती प्रकाश? मळलेल्या पायवाटेवर रांगेने चालताना ३० ते ५० ल्युमेन पुरतात. कातळटप्पा, लोखंडी शिडी किंवा घसाऱ्याची उतरण आली की १०० ते १५० असावेत. २०० किंवा ३०० ल्युमेनची गरज भासते ती केवळ पुढचा दिशादर्शक बाण किंवा दगडांची रास शोधण्यापुरती, तीही काही क्षणांसाठी. अंतर दुप्पट झाले की तितकाच उजेड पाडायला चौपट प्रकाश लागतो, त्यामुळे प्रखरतेच्या मागे लागून पल्ला फारसा वाढत नाही, सेल मात्र झपाट्याने उतरतात. पसरट आणि एकाग्र असे दोन्ही झोत असलेला दिवा म्हणूनच सोयीचा पडतो.

सह्याद्रीत याहून वेगळीच अडचण उभी राहते ती पावसाळ्यातल्या धुक्याची. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना किंवा राजगडाच्या माचीवर ढग उतरले, की कपाळावरचा प्रखर झोत समोरच्या जलकणांवरून परतून थेट डोळ्यांत येतो आणि पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. पिवळा प्रकाश धुके भेदतो असे पुष्कळजण सांगतात, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असल्याने रंग बदलून फारसा फरक पडत नाही. खरा उपाय म्हणजे दिवा डोळ्यांच्या रेषेतून खाली आणणे. कपाळावरून काढून तो कमरेजवळ धरला की परतणारा प्रकाश कमी होतो आणि शिवाय प्रत्येक दगडाला सावली मिळते. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असला की सावल्या दगडामागेच दडतात, खड्डे आणि पायऱ्या सपाट वाटू लागतात. कोरड्या हंगामात घसाऱ्यावरून उतरतानाही हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून घेण्याआधी दिवा डोक्यावरून चटकन काढता येतो का आणि मुठीत नीट बसतो का, हे मी आवर्जून पाहतो.

प्रकाशाच्या रंगाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते, याची मला खंत वाटते. स्वस्त दिव्यांचा उजेड निळसर पांढरा, साडेसहा हजार केल्विनच्या आसपासचा असतो. त्यात काळा बेसाल्ट, तांबडी माती आणि वाळका पाचोळा यांच्यातील भेद पुसट होतो. चार हजार केल्विनच्या जवळपासचा आणि रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० च्या आसपास असलेला प्रकाश यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो, जरी त्याच ऊर्जेत थोडे ल्युमेन कमी मिळत असले तरी. घोणस पाचोळ्यात आणि फुरसे दगडमातीत बेमालूम मिसळून जातात आणि मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. अशा रानात रंगातला भेद दाखवणारा प्रकाश ही चैन नव्हे. मशालीच्या आणि कंदिलाच्या उजेडात निदान रंग उबदार तरी असत. २००० सालाच्या सुमारास एलईडी डोक्यावर आले, वजन घटले आणि सेल पुष्कळ अधिक काळ पुरू लागले, पण पहिल्या पिढीने तो फिका निळेपणाही सोबत आणला आणि ग्राहकांना त्याचीच सवय झाली.

लाल प्रकाशाची सोय मात्र बहुतेक दिव्यांत आता असते आणि ती खरोखर कामाची आहे. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या झोताने ती सवय क्षणात मोडते, मंद लाल प्रकाशाने फारशी मोडत नाही. तारे पाहणाऱ्यांना, तसेच गुहेत किंवा तंबूत झोपलेल्या सोबत्यांना त्रास न देता सामान काढणाऱ्यांना हा उजेड हवाच. तपासायचे ते एवढेच, की लाल दिवा लावण्यासाठी आधी पांढऱ्यातून जावे लागते का. तसे असेल तर त्या सोयीचा अर्थच उरत नाही. मे-जूनमध्ये राजमाची, भंडारदरा किंवा पुरुषवाडीला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी मात्र लाल प्रकाशही गरजेपुरताच आणि जमिनीकडे वळवून वापरावा. काजव्यांचे लुकलुकणे हे जोडीदाराला दिलेले संकेत असतात आणि आपला उजेड त्यात व्यत्यय आणतो.

सेलच्या बाबतीत माझे मत असे की एक-दोन रात्रींच्या ट्रेकसाठी अंगभूत चार्जिंगचा दिवा पुरेसा आहे, परंतु सेल काढता-घालता येणारा दिवा केव्हाही उजवा. आडगावातल्या दुकानात मिळणारे घड्याळाचे साधे सेल अशा दिव्याला जेमतेम ओढतात, तेव्हा अल्कलाइन किंवा एनआयएमएच प्रकारचे पुन्हा चार्ज होणारे सेल घरूनच न्यावेत. अल्कलाइन सेल पावसाळाभर दिव्यात तसेच राहू दिले तर गळून संपर्कपट्ट्या खाऊन टाकतात. चार्जिंगचा दिवा घेतला तर त्याचे टाइप-सी तोंड दोन्ही बाजूंनी सी असलेल्या केबलवर चार्ज होते का, हे दुकानातच पाहावे. काही स्वस्त दिवे फक्त जुन्या यूएसबी-ए केबलनेच चार्ज होतात. उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या हिवाळी चढाईत, जिथे शिखरासाठी मध्यरात्रीनंतर निघावे लागते, अल्कलाइन सेल थंडीत निम्म्याहून कमी पडतात. लिथियम-आयन सेल रात्री झोपण्याच्या पिशवीत उबेला ठेवावेत आणि शून्याखाली चार्ज करू नयेत. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच ठेवावे लागतात.

पाण्याबाबत आयपीएक्स-४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव आणि आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या जून-जुलैसाठी मी आयपीएक्स-७ चाच दिवा घेईन. बटण थंड, ओल्या किंवा हातमोज्यातल्या बोटाला सापडणारे असावे, सॅकमध्ये चुकून सुरू होऊ नये म्हणून त्याला कुलूपबंदीची सोय असावी, आणि खाली वाकवण्याचा सांधा प्रत्येक टप्प्यावर घट्ट राहावा. वजन शंभर ग्रॅमच्या आत असेल तर पट्टा एकेरी चालतो. त्यापुढे डोक्यावरून जाणारा दुसरा पट्टा किंवा मागे ठेवलेली बॅटरी हवी.

दिवा घरी आल्यावर पूर्ण चार्ज करून, चालताना वापरणार त्याच पातळीवर एका अंधाऱ्या खोलीत लावून ठेवावा आणि तासातासाने भिंतीवरचा उजेड पाहावा. तो केव्हा मंद झाला याची नोंद आतल्या झाकणावर चिकटवली, तर पुढच्या प्रत्येक ट्रेकला किती सुटे सेल न्यायचे हे पाकिटापेक्षा ती नोंदच अधिक खात्रीने सांगते. त्यासोबत गटात एक छोटा जादा दिवा असावा, कारण सेल बदलायलाही कुणाचा तरी उजेड लागतोच.