काट्याची वायर न उपसता वजन परत आणलं

लातूरजवळ औसा रोडला मामांचा वजनकाटा आहे. सोयाबीन निघालं की दिवस उगवायच्या आत ट्रॅक्टरची रांग लागते. त्यात लाईट गेली आणि जनरेटर चालू झाला की हमखास एक भानगड व्हायची. काट्याच्या इंडिकेटरवर, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्यावर, आकडे पळतायत, पण कॉम्प्युटरवर आधीच्याच गाडीचं वजन चिकटून बसलेलं. मामांचा आवाज यायचा, "पोरा, वजन हालंना गेलंय बग!" मग टेबलाखाली शिरून वायर काढायची, परत घालायची. असं करून करून यूएसबीचं पोर्ट ढिलं पडलं. नंतर तर गाडी काट्यावर चढताना हादरा बसला तरी वजन जायचं.

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबंटू, म्हणजे लिनक्स आहे. इंडिकेटरची सिरियल वायर एका कन्व्हर्टरमधून यूएसबीला येते. व्होल्टेज खाली-वर झालं की हा कन्व्हर्टर गोठायचा. एलएसयूएसबी ही जोडलेल्या यूएसबी डिव्हाइसांची यादी दाखवणारी कमांड मारली तर यादीत मात्र दिसायचा, ०४०३:६००१ या आयडीनं. म्हणजे लिनक्सला तो माहीत होता, फक्त डाटा येत नव्हता. अशा वेळी यूएसबीरिसेट कामाला येतं. एलएसयूएसबी ज्या यूएसबीयुटिल्स पॅकेजमधून येतं, त्याच्याच नव्या आवृत्त्यांत ही छोटीशी कमांड मिळते. ती कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एवढंच सांगते, की या एका डिव्हाइसचं पोर्ट रिसेट कर.

सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून 'यूएसबीरिसेट ०४०३:६००१' मारलं, ओके आलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींतही, रिसेटची ओळ दिसली. तरी वजन काही येईना!

खरी गंमत इथं होती. रिसेट होताना सिरियलचा ड्रायव्हर सुटतो आणि परत जोडला जातो. लिनक्स अशा कन्व्हर्टरला टीटीवाययूएसबी आणि पुढं नंबर असं नाव देतं. वजनाचं सॉफ्टवेअर जुनं टीटीवाययूएसबी० धरूनच बसलेलं, त्यामुळं नवं आलं ते टीटीवाययूएसबी१ नावानं. म्हणून सॉफ्टवेअरला नंबराऐवजी 'डेव्ह' या डिव्हाइसांच्या फोल्डरमधल्या सिरियल, बाय-आयडी या फोल्डरातलं नाव दिलं. ते कन्व्हर्टरवरून ठरतं, नंबर बदलला तरी तेच राहतं. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: आधी सॉफ्टवेअर बंद, मग रिसेट, दोन सेकंद थांबून परत चालू. सुडोच्या नियमांत तेवढ्या एका कमांडला पासवर्डची सूट दिली आणि डेस्कटॉपवर बटण ठेवलं. मामांना पासवर्ड विचारणं म्हणजे रांगेतल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना तो सांगणं!

आयडीऐवजी एलएसयूएसबीत दिसणारा यूएसबी बसचा (जोडणीच्या मार्गाचा) आणि डिव्हाइसचा नंबर देऊनही ही कमांड चालते, पण वायर काढून घातली की डिव्हाइसचा नंबर बदलतो, म्हणून आयडीच बरा. एकसारखे दोन कन्व्हर्टर असतील तर मात्र नंबरच बघावा लागेल.

आणि एक, रिसेटनं वीज तुटत नाही. पाच व्होल्ट चालूच राहतात. चिप पारच अडकली तर वायर उपसण्याला इलाज नाही. त्यासाठी मध्ये एक साधा हब लावून दिलाय. काढ-घाल करायची ती त्याच्यावर, कॉम्प्युटरच्या पोर्टला हात लावायचा नाही. कन्व्हर्टर यूपीएसवर घ्यायचं काम अजून राहिलंय.