मिशीवाला कोच

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, फिलाडेल्फिया

पहाटेचे पाच वाजलेत. घर झोपलंय, मला झोप नाही. काल अमेरिकन फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना, सुपर बोल, होता. आमचे ईगल्स ४०, कान्सास सिटीचे चीफ्स २२. मध्यंतराला २४–० झालं तेव्हाच गल्लीत फटाके सुरू झाले होते. सामना संपल्यावर लेकीला घेऊन ब्रॉड स्ट्रीटवर गेलो, ओळख ना पाळख अशा माणसांना मिठ्या मारल्या. घसा पार बसलाय. पण एक गोष्ट लिहून ठेवल्याशिवाय आडवं व्हायचं नाही.

शेवटच्या मिनिटांत पडद्यावर पलीकडचा कोच दिसला. अँडी रीड. तीच भरघोस मिशी, चेहरा उतरलेला. माझे डोळे भरून आले. लेक म्हणाली, "बाबा, आपण जिंकतोय ना? मग काय झालं?" तिचा जन्म २००८चा. तिच्या आठवणीत रीड म्हणजे कान्सास सिटीचा माणूस. १४ वर्षं तो आमचा होता, हे तिला ऐकून माहीत आहे एवढंच.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेल्या कोल्हापूरच्या पोराला फुटबॉल कुणी शिकवावा लागत नाही. हा फुटबॉल मात्र शिकावा लागला. मी इथे आलो २००३च्या ऑगस्टमध्ये. कोच रीड, क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) डोनोवन मॅकनॅब. दोघं १९९९मध्ये एकत्रच आलेले. मॅकनॅबची निवड झाली तेव्हा ड्राफ्टला, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमाला, गेलेल्या आमच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली होती, कारण त्यांना दुसराच खेळाडू हवा होता. हे ऐकलं तेव्हा मला त्या लोकांचा राग आला होता.

११ जानेवारी २००४, ग्रीन बेशी सामना. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं हा नियम. आमचा शेवटचा प्रयत्न उरलेला आणि जायचंय २६ यार्ड. मॅकनॅबनं फेकलेला चेंडू पोचला, सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्याच दिवशी मी त्याची पाच नंबरची जर्सी घेतली. पुढच्या वर्षी सुपर बोलमध्ये तीन गुणांनी हरलो, त्यानं फेकलेला चेंडू तीनदा प्रतिस्पर्ध्यांनीच झेलला, म्हणजे तीन इंटरसेप्शन, आणि वेळ संपत आलेली असताना आमचा संघ रमतगमत खेळत होता. त्याच्या फेकींनी मिळवलेल्या ३५७ यार्डांकडे आणि तीन टचडाउनकडे (टचडाउन म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) मी पाहिलंच नाही. २०१०च्या ईस्टरच्या दिवशी त्याला वॉशिंग्टनच्या संघाला देऊन टाकलं, तेव्हा मला हायसं वाटलं. जर्सी माळ्यावरच्या बॅगेत गेली.

मग २०१२. आई-बाबा त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे आले होते. त्याच महिन्यात, सरावाचं शिबिर चालू असताना, रीडचा थोरला मुलगा गेला. काही दिवसांतच रीड मैदानावर परत आला. त्या मोसमात १६ पैकी चारच सामने जिंकलो. दर रविवारी मी टीव्हीपुढे ओरडायचो, हाकला याला. बाबांना खेळ फारसा कळत नव्हता. एकदा ते म्हणाले, "पोरगं गेलंय त्याचं. तो माणूस उभा कसा राहतोय, ते बघ की." मी त्यांना म्हणालो, बाबा, तो वेगळा विषय आहे. बाबा गप्प बसले. ३१ डिसेंबरला त्याला काढलं आणि त्या रात्री पार्टीत आम्ही याच बातमीवर ग्लास उंचावले.

वेगळा विषय नव्हता तो. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

१९ सप्टेंबर २०१३ला रीड चीफ्सना घेऊन इथे आला. त्याच रात्री मॅकनॅबचा पाच नंबर कायमचा निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही. मी स्टेडियममध्ये होतो. लोक उभे राहून रीडसाठी टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या, पण मला आजूबाजूला मान वर करून बघवेना. चीफ्स २६–१६ने जिंकले.

तरी सुधारलो म्हणावं तर तसंही नाही. रीडच्या जागी कोच म्हणून चिप केली आला तेव्हा त्याचा वेग बघून हरखलो, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत वैतागलो. क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झला तर २०१७मध्ये डोक्यावर घेतलं होतं. त्यानं १३ पैकी ११ सामने जिंकून दिले, आणि लॉस एंजेलिसमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यावरही मैदान सोडायच्या आधी टचडाउन फेकला. त्याच्या जागी राखीव क्वार्टरबॅक निक फोल्स आत आला तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, संपलं. त्याच फोल्सनं सुपर बोलमध्ये ३७३ यार्ड फेकले. चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी, आणि तो स्वतः कोच डग पेडरसनकडे जाऊन ती युक्ती सुचवतो. पेडरसन क्षणभरात हो म्हणतो, आणि क्वार्टरबॅकच टचडाउनचा चेंडू झेलतो. त्या होकाराइतका धीट निर्णय मी खेळात पाहिलेला नाही. ईगल्सचा पहिला सुपर बोल.

त्यानंतर वेंट्झनं काहीही केलं तरी मला फोल्सच दिसायचा. तो गुडघ्यातून, पाठीतून सावरत होता, त्याला राखणारी पुढची फळी मोडलेली होती, २०२०मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी त्याला ५० वेळा पाडलं. मी फक्त १५ इंटरसेप्शन मोजले. ते ११ विजय नसते तर प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, सामने घरच्या मैदानावर झाले नसते, हे तेव्हा एकदाही बोललो नाही. पेडरसनलाही तीन वर्षांत काढलं, आणि त्यालाही मी मान डोलावली.

क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला २०२०च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत घेतलं तेव्हा मी म्हणालो, हा कशाला? अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला बाकावर बसवलेला मुलगा तो. बाकावर बसला, आणि त्याच वर्षाअखेरीस बाकावरून उठून संघाला जिंकवून गेला. लेकीला तो पहिल्या दिवसापासून आवडतो. २०२३च्या सुपर बोलमध्ये त्याच्या हातून चेंडू निसटला आणि रीडच्या चीफ्सनी आम्हाला ३८–३५ने हरवलं, तेव्हा मी चडफडत होतो. ती म्हणाली, "त्यानंच तीन टचडाउन पळून केलेत, बाबा." मला माझे २००५ आठवले. काल तोच सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. आणि कोच निक सिरियानी? गेल्या वर्षीच्या जानेवारीत टॅम्पाकडून ३२–९ने हरलो तेव्हा, काढा याला, असं मी मोठ्यानं म्हटलंय. काल तोच ट्रॉफी हातात घेऊन उभा होता.

सहाला कोल्हापूरला फोन लावला. तिकडे दुपारचे साडेचार. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत.

"जिंकलो बाबा."

"बरं झालं. कुणाशी होती मॅच?"

"कान्सास सिटी. तो मिशीवाला कोच आठवतो? त्याच्याशी."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "ज्याचं पोरगं गेलं तो?"

"हो."

"अजून उभा आहे म्हणायचा."

"आहे. तीन सुपर बोल जिंकला तिकडे जाऊन."

"आणि तू? त्या दिवशी लई ओरडत होतास."

मी म्हणालो, बाबा, तुम्ही बोललात ते मी तेव्हा ऐकायला हवं होतं. ते म्हणाले, "असू दे. जेवलास का?"

लेक उठल्याचा आवाज येतोय. विजयाच्या मिरवणुकीला ती हर्ट्सची जर्सी घालणार. मी माळ्यावर चढतो, ती बॅग शोधायचीय.