आता फिरा

शनिवार, रात्री

पेन्शनच्या कागदांवर आज सह्या झाल्या. क्लार्क सर फाइलची नाडी बांधत म्हणाले, "सुटलात बाई. आता मनसोक्त फिरा." चांगल्या मनानेच म्हणाले. वर्षभर हेच ऐकते आहे. हेडबाई म्हणतात, शिपाईमामा म्हणतात, वहिनी तर दर फोनला म्हणते. मग आजच ते एवढं का लागावं? स्टेशनचा जिना चढेपर्यंत तेच डोक्यात. घरी येऊन चहा केला, तो तसाच गार झाला.

शाळा माझ्या फिरण्याच्या आड येत होती, असं सगळ्यांना वाटतं. एका अर्थी खरंच आहे. मे महिना, दिवाळी आणि नाताळ, यातच सगळं बसवायचं. मेघालयातल्या मौसिनरामचंच बघा. जगात सर्वांत जास्त पाऊस तिथे पडतो, वर्षाला सरासरी ११,८७० मिलिमीटरच्या आसपास. हे मी भूगोलाच्या तासाला फळ्यावर दर वर्षी लिहिलं. पण तो पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि जूनमध्येच आपली शाळा उघडते. म्हणून मी गेले दिवाळीच्या सुट्टीत. आकाश निळंभोर, धबधबे बारीक झालेले, आणि सोहऱ्याला, म्हणजे आपल्या चेरापुंजीला, बायका पाण्यासाठी हंडे घेऊन उभ्या. एवढा पाऊस पडणाऱ्या डोंगरावर थंडीत पाण्याची टंचाई असते, हे तिथे उभं राहूनच कळलं. कड्यावरून खाली बांगलादेशाचं सपाट मैदान दिसतं. बंगालच्या उपसागरावरून आलेल्या वाऱ्यांना तिथवर अडवणारं काही नाही आणि मग एकदम समोर खासी टेकड्या. पुस्तकात ते दोन ओळींत उरकलंय. मी तो तास पुढे कितीतरी वर्षं त्या कड्यावर उभी राहूनच घेतला.

पाऊस मात्र बघितला नाही. खासी माणसं पाठीवर बांबूचं 'क्नुप' घेऊन शेतात वाकतात, आपल्या इरल्यासारखंच, तेही भिंतीला टांगलेलंच पाहिलं. आता बघता येईल. १५ जूनला मला कुठेही असण्याची मोकळीक आहे.

तेच तर बोचतंय.

संध्याकाळी वही काढली. प्रवासाची वही मी शाळेच्या वहीसारखीच आखते. उजवीकडे समास, आणि समासात इयत्ता. लेहच्या पानावर लिहिलंय: उंची साधारण ३,५०० मीटर, वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, वाळवंट थंडही असतं. समासात '८वी'. धनुष्कोडीच्या पानावर पडक्या चर्चचं पेन्सिलचं चित्र, १९६४ च्या डिसेंबरातलं वादळ, आणि समासात '९वी, किनारे'. केनियाच्या पानावर नान्युकी. गाडी विषुववृत्ताच्या पाटीपाशी थांबली की तिथली मुलं भोक पाडलेलं भांडं घेऊन येतात. पाटीच्या एका बाजूला पाणी असं फिरतं, दुसऱ्या बाजूला उलटं, असं दाखवतात आणि पैसे घेतात. पृथ्वीच्या फिरण्याचा एवढ्याशा भांड्यावर काही परिणाम होत नाही, सगळी करामत पाणी ओतणाऱ्या हाताची. हे वर्गात सांगितलं, तर मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग नळाशी. बेसिन तुंबवून पाणी सोडत होते. एकदा डावीकडे फिरलं, एकदा उजवीकडे. धावत येऊन एक मुलगी म्हणाली, "बाई, दोन्हीकडे फिरतंय!" तिचा युनिफॉर्म कोपरापर्यंत भिजलेला. त्या एका वाक्यासाठी मी केनियाला गेले होते असं तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

मग गेल्या रविवारचं पान उघडलं. गिल्बर्ट हिल. अंधेरीला रिक्षावाल्याला गावदेवी मंदिर सांगितलं की तो इमारतींच्या मधून थेट पायथ्याशी सोडतो. ६१ मीटर उंच, बेसाल्टचे सरळसोट खांब एकमेकांना चिकटून उभे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असा उभा चिरत जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड, आणि त्याला खेटून लोकांचे कपडे वाळत घातलेले. मला ही टेकडी जीव लावून आवडते. तिच्याभोवती कुणी नीट कुंपण घालून, दोन ओळींची पाटी लावून तिचा मान का ठेवत नाही, याचा मला दर वेळी त्रास होतो. चित्र बरं जमलंय. खांबांच्या कडांवर ऊन कसं पडतं तेही आलंय.

समास कोरा आहे.

मुद्दाम सोडला नव्हता. हात तिकडे गेलाच नाही. क्लार्क सरांचं वाक्य का लागलं ते तेव्हा कळलं. त्यांना वाटतं, शाळा सुटली की फिरणं उरेल. मला भीती आहे की शाळा सुटली की फिरणंही सुटेल. जाईन, तिकीट काढून जाईनही, पण डोळे तसे राहतील का? सांगायचं असतं म्हणून मी बघते. खडकाला हात लावला की मनात वाक्य तयार होतं आणि ते वाक्य नेहमी "मुलांनो" पासून सुरू होतं. ते पुसलं तर पुढचं वाक्य येईल कुठून?

तुकड्या कमी होत गेल्या तेव्हाही हे वाटलं होतं. अ, ब, क, ड होत्या, आता एकेका इयत्तेची एकच. पण पटावर मूठभर मुलं असली तरी वर्ग तो वर्गच. आई गेली त्या वर्षी मी कुठेच गेले नाही. ते जाऊ दे.

दादा म्हणतो पुण्याला ये. तो वेगळाच विषय.

पुढचं काय, याची उत्तरं लोकांकडे तयार आहेत. नाक्यावरच्या क्लासवाल्यांना दहावीच्या भूगोलाला बाई हव्यात. गुणांसाठीचे ठरलेले प्रश्न घोटून घ्यायचे, नकाशा भरून घ्यायचा. ते काम वाईट नाही, गरजू मुलं येतात तिथे, पण त्यात वाऱ्याला वाव नाही. भाची म्हणते, "आत्या, व्हिडिओ कर, तू बोलतेस छान." एकदा मोबाइलसमोर बसून पाहिलं. समोर चेहरे नसले की मला थांबायचं कुठे ते कळत नाही. मागच्या बाकावर एखाद्याची भुवई वर गेली की मी ओळखते, इथे पुन्हा सांगायला हवं. मोबाइलला भुवई नसते. आणि टूरवाले. त्यांना अनुभवी, एकटं फिरलेलं, मराठी बोलणारं माणूस हवंय सोबत न्यायला. पगारही ठीक आहे. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

हे सगळं घेऊन वरळी सी-फेसवर गेले. कट्ट्यावर बसल्यावर आप्पांची, माझ्या वडिलांची, आठवण येणारच.

१९८२ चा संप लागला तेव्हा मी शाळेत होते. जानेवारीत गिरण्या थांबल्या आणि आप्पांचे दिवस मोकळे झाले. त्यांनाही तेव्हा कुणीतरी "आराम करा" म्हटलं असेल का? ते रोज चालत वरळीला जायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे त्यांनी मला तिथेच शिकवलं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढे पुस्तकात वाचलं की चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो. आप्पांच्या हिशोबात ४५ होती, कोळ्यांकडून आलेली, आणि मुंबईच्या किनाऱ्याला ती पुरतात. दर वर्षी भरती-ओहोटीचा धडा मी याच हिशोबाने सुरू केला. मुलं घरचं कालनिर्णय बघून वेळ काढायची आणि चौपाटीवर जाऊन ताडून बघायची.

आज मात्र वेगळंच आठवलं. मी नसले तरी आप्पा जायचेच. शेजारी कोणी बसलं असेल तर त्याला सांगायचे. कोणी नसलं तर घरी येऊन आईला. ती भाकरी थापत असायची आणि ते दारातूनच म्हणायचे, "आज सहाची भरती होती, साडेपाचलाच पाणी खडकाला लागलं." आई "हं" म्हणायची. तेवढ्यावर त्यांचं भागायचं. की भागत नव्हतं? त्यांना विचारलं नाही कधी. गिरणी परत सुरू झाली नाही, तेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

माझं "हं"वर भागणार नाही. मला "दोन्हीकडे फिरतंय" म्हणणारं कोणीतरी लागतं. हे कबूल केलं आणि बरंच हलकं वाटलं. छंद, मोकळा वेळ, मनसोक्त वगैरे जे सगळे माझ्यासाठी मागतात ते मला नकोच आहे. मला ऐकणारी मुलं हवीत, वय वाढलं म्हणून ही गरज संपत नाही, आणि तिची लाज वाटायचं कारण नाही.

शुक्रवारची वाट बघत नाही. सोमवारीच टूरवाल्यांना फोन करून विचारते, शाळांच्या सहली नेता का. मोठ्या माणसांना घेऊन सिमला-मनाली मी करणार नाही. पण मुंबईतल्या मुलांना गिल्बर्ट हिल, लोणार, वाईहून महाबळेश्वर चढताना हळूहळू बदलणारा पाऊस असं दाखवायचं असेल तर मी अर्ध्या पगारातही येते. नाही म्हणाले तर महापालिकेच्या शाळांत विचारून बघेन, शनिवारचा एक तास द्या म्हणून. तिथेही नाही म्हणू शकतात.

आणि मौसिनरामला जूनमध्येच जायचं. पाऊस बघायचा राहिलाय तो राहिलाय, त्याचा तास होवो न होवो. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कामाख्याला गाडी आहे, पुढे शिलाँग, सोहरा. दादाला अजून सांगितलेलं नाही. तो म्हणणार, भर पावसात तिकडे कोण जातं?